गव्हाणीतला जन्म आणि गावकुसाबाहेरचा माणूस

१

नंदनवनात राहायला येऊन मला सात वर्षे झाली. नागपूरच्या पूर्वेकडचा हा भाग. नाव इंद्राच्या बागेचे असले तरी येथे राहतात ती साधी माणसे : नोकरदार, लहान दुकानदार, निवृत्त शिक्षक, हातावर पोट असलेले. माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये बदली कामगार होते. वडिलांनी हमाली केली. घरात पदवी घेणारा मी पहिला. आज मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो, आणि म्हणूनच दरवर्षी २५ डिसेंबरला आमच्या विहारात मनुस्मृती दहन दिनाच्या कार्यक्रमात मला बोलायला सांगतात. महाडचा इतिहास मला पाठ आहे. तो सांगताना माझा आवाज आपोआप चढतो.

चार वर्षांपूर्वी असेच भाषण आटोपून मी घरी परतत होतो. आमच्या गल्लीत एक निवृत्त परिचारिका राहतात. सगळी गल्ली त्यांना ‘सिस्टरबाई’ म्हणते. मूळच्या त्या अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे २०२४ पासून ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यातल्या. त्यांच्या गॅलरीत कागदी तारा लोंबत होता, आत दिवा होता. त्या दारातच उभ्या होत्या, हातात फराळाचे ताट होते. करंज्या, चकल्या, शंकरपाळे. मी ‘जयभीम’ म्हटले, त्यांनी ‘सलाम’ म्हटले. मग म्हणाल्या, “सर, विहारातला भोंगा इथवर ऐकू येतो. छान बोललात. पण आमच्याबद्दल कधी बोलणार? आमचे पणजेसुद्धा महारवाड्यातलेच की! आज आम्ही काय साजरं करतो, ठाऊक आहे का तुम्हाला?”

मी सहज म्हणालो, “येशूचा वाढदिवस.”

त्या हसल्या. “वाढदिवस तर आम्ही नातवाचाही करतो. केक कापतो, झालं. त्यासाठी चार आठवडे वाट कशाला पाहिली असती?”

मी ताट घेऊन घरी आलो. पण त्यांचा प्रश्न ताटाबरोबर आला तो परत गेला नाही. माझ्याच माणसांपैकी काही माणसे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी एका वेगळ्या दारातून बाहेर पडली. त्या दारावर काय लिहिले होते, हे इतिहासाचा शिक्षक असून मला माहीत नव्हते. ‘पोटासाठी बाटले’ एवढेच मी ऐकत आलो होतो, आणि ते वाक्य कोणाच्या तोंडून आले आहे याची चौकशीही मी कधी केली नव्हती. प्रस्तुत लेख म्हणजे त्या चौकशीचे फलित आहे. मी बौद्ध आहे. माझी श्रद्धा येथे बदललेली नाही, आणि कोणाची बदलावी असाही हेतू नाही.

२

प्रथम नाताळचा धार्मिक अर्थ पाहू. ‘नाताळ’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला; त्याचा अर्थ जन्म. पण ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने जन्म ही या सणाची केवळ बाहेरची बाजू होय. आतली बाजू म्हणजे देहधारण. ज्या देवाने विश्व निर्माण केले तो स्वतः माणूस झाला, हाडामांसाचा झाला, भूक-तहान, थंडी-वारा, अपमान आणि मरण यांच्या अधीन झाला, असा हा विश्वास आहे. येशूला लावलेले ‘इम्मानुएल’ हे नाव ‘आम्हांबरोबर देव’ असे सांगते. देव आणि मनुष्य यांच्यात पापाने पडलेली फूट सांधण्यासाठी तो आला, अशी ख्रिस्ती तारणाची कल्पना आहे. म्हणूनच गव्हाण आणि क्रूस ही एकाच कथेची दोन टोके आहेत, आणि शुभ शुक्रवार व पुनरुत्थान यांच्यावाचून नाताळ पुरा होत नाही. सिस्टरबाई ज्या चार आठवड्यांविषयी बोलल्या तो ‘आगमनकाळ’. त्यात चार रविवार येतात. वाट पाहणे हीच त्या काळातली उपासना असते.

येथे एक ऐतिहासिक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींचा मुख्य सण पुनरुत्थानाचा होता, जन्माचा नव्हे. शुभवर्तमानांत जन्माची तारीख दिलेली नाही. २५ डिसेंबरला जन्मोत्सव होत असल्याची सर्वांत जुनी नोंद रोममधली असून ती इ. स. ३३६ ची आहे. ही तारीख का निवडली याबद्दल दोन मते आहेत. रोमन सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये अजिंक्य सूर्याचे मंदिर उभारले. त्या सूर्योपासनेच्या जागी हा सण आला, असे एक मत. मरीयेच्या पोटी गर्भ राहिला तो दिवस २५ मार्च मानून त्यात नऊ महिने मिळवले, असे दुसरे. पूर्वेकडच्या काही मंडळ्या जुन्या पंचांगाप्रमाणे आजही हा सण ७ जानेवारीला करतात. तेव्हा तारखेत पावित्र्य शोधणे व्यर्थ आहे. याच शतकात, इ. स. ३२५ मध्ये, निकाया येथे ख्रिस्त हा खरोखर देव की देवाहून कमी, हा वाद झाला होता, आणि पुढे ४५१ मध्ये खाल्केदोन येथे तो पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य असल्याचा सिद्धांत ठरला. ‘देव माणूस झाला’ या वाक्यावर इतका खल चालू असतानाच्या काळात जन्माचा सण रुजला, हा योगायोग नसावा असे मला वाटते.

आता कथा पाहू. ती मत्तय आणि लूक या दोघांनी सांगितली आहे, आणि दोघांचे तपशील जुळत नाहीत. मत्तय सांगतो तो हेरोद राजा इ. स. पूर्व ४ च्या सुमारास मेला. लूक सांगतो ती क्विरिनियची नावनिशी इ. स. ६ च्या सुमाराची. इतिहासाच्या कसोटीवर हा पुरावा डळमळीत आहे, आणि विचारी ख्रिस्ती अभ्यासकही हे मान्य करतात. परंतु कथा काय सांगू पाहते ते मात्र स्पष्ट आहे. कैसराचा हुकूम निघतो आणि एक सुतार आपल्या गरोदर वाग्दत्त वधूला घेऊन दूरच्या गावी जातो. उतारशाळेत जागा मिळत नाही. मूल जन्मते ते जनावरांच्या वैरणीच्या गव्हाणीत ठेवतात. पहिली बातमी राजाला जात नाही, याजकाला जात नाही. रात्री उघड्या रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांना जाते. त्याआधीच लूकने मरीयेच्या तोंडी एक गीत घातले आहे. त्याचा आशय असा, की देव बलिष्ठांना आसनावरून खाली ओढतो, दीनांना वर उचलतो, भुकेल्यांना तृप्त करतो आणि धनवानांना रिकाम्या हाती लावून देतो. मत्तयाची वंशावळही अशीच आहे. त्या पुरुषप्रधान यादीत तामार, राहाब, रूथ यांची नावे येतात, आणि उरीयाची बायको येते. राहाब ही तर वेश्या होती. सोवळ्या वंशावळीत अशी नावे कोण ठेवील?

३

आपल्याकडचा वाचक येथे विचारील : हा अवतारच नव्हे काय? १४ ऑक्टोबर १९५६ ला याच नागपुरात आमच्या वडीलधाऱ्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्यांतली चौथी प्रतिज्ञा देवाच्या अवताराला नकार देते. मग या कथेत आपल्याला स्वारस्य ते काय?

उत्तर देण्यापूर्वी भेद समजून घ्यावा. वैष्णव परंपरेतला अवतार पुनःपुन्हा येतो, आणि येतो तो धर्माची घडी पुन्हा बसवण्यासाठी. ती घडी म्हणजे चातुर्वर्ण्य, हे सांगायला नको. तो राजकुळात येतो, शस्त्र धरतो, आणि रामकथेत शंबूकाचा वध करून मोकळा होतो. ख्रिस्ती देहधारण एकदाच होते. ते कारागिराच्या घरी होते, आणि त्याचा शेवट राज्यकर्त्यांनी दिलेल्या देहदंडात होतो. प्रस्थापित व्यवस्था टिकवण्यासाठी नव्हे, तर त्या व्यवस्थेच्या हातून मरण्यासाठी हा देव येतो. देव नाकारणाऱ्या बौद्धाला ही दोन्ही सारखीच अमान्य आहेत, यात शंका नाही. परंतु ज्या माणसाच्या वाट्याला पहिली कथा आली होती आणि जो तिच्यात शंबूकाच्या जागी उभा होता, त्याला दुसरी कथा कशी ऐकू आली असेल? हा प्रश्न श्रद्धेचा नाही, इतिहासाचा आहे.

४

मराठीत ही कथा प्रथम विस्ताराने सांगितली ती फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने. तो १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ. भाषा मराठी, घाट पुराणाचा. गव्हाणीतला जन्म मराठी ओवीत उतरला खरा. पण गोव्यात जात तशीच राहिली. धर्मांतरित ब्राह्मण व चारडो यांनी आपले भेद देवळाच्या आत नेले, आणि चर्चमधले उत्सव चालवणाऱ्या संघटनासुद्धा जातवार झाल्या. कथा बदलली, पंगत बदलली नाही. पुढच्या सर्व इतिहासाचे सूत्र येथे सापडते.

एकोणिसाव्या शतकात चित्र थोडे बदलले. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला आले आणि १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणे केले. ‘ज्ञानोदय’ हे त्यांचे पत्र १८४२ पासून तेथून निघू लागले. याच पत्रात १८५५ मध्ये फुले दांपत्याच्या शाळेतली चौदा वर्षांची मांग मुलगी मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा ग्रंथ कोणता आणि आमचा धर्म कोणता, हे तिने देवालाच विचारले. मुक्ता ख्रिस्ती नव्हती. पण तिचा प्रश्न ज्या पत्राने छापला ते पत्र ख्रिस्ती होते, ही नोंद आपण विसरू नये. तो प्रश्न छापायला त्या काळी दुसरी जागा होती काय?

महात्मा फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. पण ‘गुलामगिरी’त (१८७३) त्यांनी येशूला ‘दुसरा बळीराजा’ म्हटले आहे. हे एका शब्दाचे कौतुक नव्हे, ती मोठी मांडणी आहे. आमच्या आया-बहिणी बळीचे राज्य येवो म्हणून ओवाळत आल्या. वामनाने पाताळात गाडलेला, तरी शूद्रातिशूद्रांच्या स्मरणात जिवंत राहिलेला तो राजा. फुल्यांनी येशूला त्याच्या शेजारी बसवले आणि त्यामुळे बेथलेहेमची कथा आमच्या अंगणात आली. तारणहार वरून उतरला की नाही, हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला. तो कोणाच्या बाजूने उभा राहिला, एवढेच विचारले.

नागपुरात स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये आला. त्या वेळी येथे भोसल्यांचे राज्य होते. त्याने शाळा काढली, खडक अभ्यासले, गोंडांच्या कथा टिपल्या, आणि १८६३ मध्ये टाकळघाटजवळ नदीच्या पुरात तो बुडाला. १८८३ चे हिस्लॉप महाविद्यालय त्याच्या नावाचे आहे. नारायण वामन टिळक हेही काही काळ नागपुरात बुटींच्या आश्रयाने काम करीत होते. १८९३ मध्ये राजनांदगावच्या आगगाडीत एका गृहस्थाने त्यांना नवा करार वाचायला दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. टिळकांनी ख्रिस्त अभंगात आणि कीर्तनात आणला. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त आपल्या मनातला विटाळ कसा हळूहळू सुटला हे जितक्या मोकळेपणाने सांगितले आहे तितके मराठीत क्वचितच कोणी सांगितले असेल. पण एक गोष्ट खटकते. मराठी ख्रिस्ती म्हटले की आपल्या पाठ्यपुस्तकांना टिळक आठवतात, बाबा पदमनजी आठवतात, पंडिता रमाबाई आठवतात. नगर जिल्ह्याच्या गावोगावी जे हजारो महार-मांग या धर्मात गेले, ज्यांच्या संख्येवर ती मंडळी उभी राहिली, त्यांची नावे कोठे आहेत? येथेही इतिहास वाड्यात लिहिला गेला, वाड्यावस्तीवर नव्हे.

५

त्या बिननावाच्या माणसांनी नाताळच्या कथेत काय ऐकले असेल? येथे मी सिस्टरबाईंच्या घरात चालत आलेली आठवण सांगतो. त्यांचे पणजोबा येसकरकी करीत. पाटलाच्या गोठ्यात शेण काढायला त्यांना मुभा होती, ओसरीवर चढायला नव्हती. एका नाताळात गावात आलेल्या उपदेशकाने गव्हाणीची गोष्ट सांगितली. पणजोबा म्हणाले म्हणे, “म्हणजे देव आमच्यापाशीच आला की. गोठ्यापत्तुर तर आमाला येता येतं.”

हे वाक्य मी अनेकदा मनात घोळवले. देवळाच्या गाभाऱ्यात जन्मलेल्या देवाला भेटायला महाराला बंदी होती. वाड्यात जन्मलेल्या राजाला तो लांबून जोहार घालू शकत होता. पण गव्हाणीत निजलेल्या मुलाकडे जायला कोणाची परवानगी लागत नाही. मेंढपाळ गेले तसेच जावे. धर्मशास्त्री देहधारणाच्या सिद्धांतावर शतकानुशतके ग्रंथ लिहीत आले; तो सिद्धांत एका निरक्षर येसकराने एका वाक्यात पकडला. ज्या जागेला समाजाने अपवित्र म्हटले, तीच जागा देवाने निवडली. याचा अर्थ, अपवित्र म्हणणारा खोटा ठरला. हाच त्या जन्माचा सामाजिक अर्थ होय, आणि तो धार्मिक अर्थाहून वेगळा काढता येत नाही.

‘पोटासाठी बाटले’ या वाक्याला माझे उत्तर येथून सुरू होते. दुष्काळात मिशनने अन्न दिले, शाळा दिली, दवाखाना दिला, हे खरेच आहे. पण भुकेल्याला अन्न हवे असणे यात लाजेची गोष्ट कोणती? ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उष्टे वाढले, त्यांनी दुसऱ्याने वाढलेल्या ताज्या भाकरीचा हिशेब मागावा, हा कोणता न्याय? शिवाय मरीयेचे गीतच भुकेल्यांना तृप्त करणाऱ्या देवाचे आहे. पोट आणि आत्मा यांची फाळणी पोट भरलेल्यांनी केली.

६

तरीही येथे थांबणे हे अर्धसत्य ठरेल. कथेने जे वचन दिले ते मंडळीने पाळले काय?

नागपूरचेच उदाहरण घेऊ. जाईबाई चौधरी या महार समाजातल्या बाई. डोक्यावर ओझी वाहून पोट भरणाऱ्या. एका मिशनरी बाईने त्यांना हेरले आणि शिक्षिकेची नोकरी दिली. अस्पृश्य बाई शिकवते हे कळताच शाळेवर बहिष्कार आला आणि नोकरी सुटली. पुढे १९२२ मध्ये जाईबाईंनी याच शहरात संत चोखामेळा यांच्या नावाने मुलींची शाळा काढली. दार उघडणारा हात मिशनचा होता. बहिष्काराचे दडपण आले तेव्हा ते दार पुन्हा बंद झाले. आणि बंद दारासमोर रडत न बसता जाईबाईंनी स्वतःची भिंत बांधून तिला स्वतःचे दार ठेवले. आमच्या चळवळीचा सगळा इतिहास या एका बाईच्या आयुष्यात सामावला आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना येशूविषयी आदर होता. १ जानेवारी १९३८ ला सोलापूरच्या ख्रिस्ती समाजापुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपल्याला आकृष्ट केल्याचे सांगितले. आणि त्याच सभेत दक्षिणेतल्या चर्चमध्ये जातिभेद पाळला जातो, हेही सुनावले. त्यांच्या निधनानंतर १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखनाच्या पाचव्या खंडात धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीची त्यांनी केलेली चिकित्सा आहे. तिचा गाभा असा : मिशनऱ्याने अस्पृश्याला सांगितले, की तुझे दुःख तुझ्या पापामुळे आहे. ते दुःख अन्यायी समाजव्यवस्थेमुळे आहे, हे सांगितले नाही. त्यामुळे त्याची व्यवस्थेविरुद्ध लढण्याची प्रेरणाच मंदावली. मला ही चिकित्सा अचूक वाटते. गव्हाणीची कथा सांगते की जागा नाकारणारा दोषी. आणि उपदेश सांगतो की गव्हाणीत निजणारा पापी. एकाच धर्माच्या पोटात हे दोन आवाज आहेत. कोणता आवाज मोठा होतो ते सांगणाऱ्याच्या जातीवर आणि वर्गावर अवलंबून असते.

या दुखण्याची जाणीव ख्रिस्ती दलितांना स्वतःलाही झाली. अरविंद निर्मळ हे महाराष्ट्रातले धर्मशास्त्री. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी शूद्रांच्या धर्मशास्त्राची हाक दिली. पुढे तिच्यातूनच दलित धर्मशास्त्र उभे राहिले. येशूच्या वंशावळीतली तामार आणि राहाब त्यांनी पुढे आणली आणि येशू स्वतःच दलित होता असे प्रतिपादन केले. ज्या नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० ला ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा मंडळ्यांनी आपापली परंपरा विसर्जित करून उत्तर भारतीय चर्च स्थापले, त्या नागपूरला ही हाक परकी वाटू नये. पंथ एक होऊ शकतात. मग जाती का होत नाहीत? लग्न जुळवताना ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न अजून का निघतो?

७

आता २५ डिसेंबरच्या दुसऱ्या अर्थाकडे येतो. १९२७ च्या या दिवशी महाडला सत्याग्रह परिषद भरली. परिषदेला गावात कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण सहकाऱ्याने, अनुमोदन दिले पां. ना. राजभोजांनी. बाबासाहेबांनी भाषणात १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेचा दाखला दिला. त्या काळी डिसेंबरअखेरच्या सुटीत परिषदा भरवण्याची प्रथाच होती. १९२० ची नागपूरची काँग्रेसही याच दिवसांतली. तेव्हा महाडची तारीख नाताळला उद्देशून निवडली होती असा ओढूनताणून अर्थ मी काढणार नाही.

पण योगायोगालाही इतिहासात अर्थ प्राप्त होतो, तो नंतरच्या माणसांच्या जगण्यामुळे. उतारशाळेत जागा नाही म्हणून गव्हाण, आणि गावात जागा नाही म्हणून फत्तेखानाचे रान, ही दोन चित्रे माझ्या गल्लीत एकाच संध्याकाळी शेजारी येतात. एकात देव खाली येतो. दुसऱ्यात माणूस वर उठतो. हा भेद मोठा आहे आणि तो पुसू नये. माझा विश्वास दुसऱ्या चित्रावर आहे. जो खाली येऊन उचलतो त्याची वाट पाहावी लागते, आणि वाट पाहण्यात आमच्या शेकडो पिढ्या गेल्या. बाबासाहेबांनी वाट पाहणे संपवले. परंतु सिस्टरबाईंच्या पणजोबांनी गोठ्यात उभे राहून जे ऐकले, तेही उठण्याचेच बळ होते, हे आज मी नाकारू शकत नाही.

८

हा सगळा विचार केवळ इतिहासाचा असता तर मी तो वर्गात सांगून मोकळा झालो असतो. पण त्याला आजचे टोक आहे. सिस्टरबाईंचा नातू अकरावीत गेला तेव्हा शिष्यवृत्तीसाठी एका कार्यालयात गेला होता. तेथे त्याला सांगण्यात आले, “तुम्ही ख्रिश्चन. तुम्हांला अनुसूचित जात कुठली?” त्याच वर्षी त्याच्या मावशीचे ठरत आलेले लग्न मोडले. मुलाकडचेही ख्रिस्तीच होते. कारण एवढेच, की हे ‘मूळचे महार’. कागदावर जात नाही आणि लग्नात आहे. सरकारला ती दिसत नाही आणि सोयऱ्याला दिसते!

कायद्याचा क्रम असा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने धर्माची अट घातली. १९५६ मध्ये शिखांसाठी आणि १९९० मध्ये बौद्धांसाठी ती सैल केली. ख्रिस्ती व मुसलमान दलितांसाठी ती तशीच राहिली. १९८५ च्या सूसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर मद्रासचा एक ख्रिस्ती चांभार आला होता. धर्मांतरानंतरही तितकीच हालाखी सोसावी लागते याचा पुरेसा पुरावा समोर नाही, असे म्हणून न्यायालयाने त्याची मागणी फेटाळली. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ मध्ये या प्रश्नासाठी न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. महाराष्ट्रात अशा कुटुंबांना फार तर इतर मागासवर्गाची सवलत मिळते. अनुसूचित जातींना असलेले अत्याचारविरोधी कायद्याचे संरक्षण मिळत नाही.

या प्रश्नावर आपल्या सभांतून जे मौन असते, त्याविषयी मला बोलायचे आहे. खाजगीत आपण म्हणतो : आधीच भाकरी चतकोर, त्यात आणखी वाटेकरी कशाला? ही भीती खोटी नाही. भाकरी खरोखरच चतकोर आहे. वाटेकरी वाढले तर भाकरीही वाढली पाहिजे, ही मागणी त्याबरोबरच करावी लागेल. पण १९५६ ते १९९० ही चौतीस वर्षे केंद्राच्या दृष्टीने बौद्धांना जात नव्हती, तेव्हा आपण काय म्हणत होतो ते आठवा. धर्म बदलला म्हणून गावाने आमच्याकडे पाहण्याची नजर बदलली नाही, असेच आपण म्हणत होतो ना? तेच वाक्य आज दुसरा कोणी बोलतो आहे. आपण उतारशाळेत आत शिरलो, जागा मिळवली. म्हणून आता दाराला कडी घालणार काय?

हे मी विहारात बोललो. टाळ्या कमी पडल्या. एका वयस्क गृहस्थांनी नंतर मला बाजूला घेऊन विचारले, “सर, तुमी त्यायच्याकडून बोलून राहिले काय?” मी म्हणालो, “काका, मी १९५६ कडून बोलतो आहे.” ते काही बोलले नाहीत, पण रागावूनही गेले नाहीत.

गेल्या २५ डिसेंबरला सकाळी मी सिस्टरबाईंच्या घरी गेलो. त्यांच्या नातवाने पुठ्ठ्याचा गोठा केला होता. वर चमकीचा कागद होता, आत खरे गवत होते. प्रार्थनेच्या वेळी मी हात जोडले नाहीत, नुसता उभा राहिलो. त्यांनी ते समजून घेतले. संध्याकाळी तो नातू विहारात आला आणि मागच्या रांगेत बसला. मनुस्मृतीच्या प्रतीकात्मक दहनाच्या वेळी तोही उठून पुढे आला. त्याला कोणी अडवले नाही. परतताना त्याने विचारले, “सर, महाडला आमचेही लोक असतील का हो?” मी म्हणालो, असतील किंवा नसतील, पण तेथे जे जाळले गेले त्यात त्याच्या पणजोबांच्या पणजोबांचाही अपमान लिहिलेला होता. तेव्हा ती राख त्याचीही आहे.